बारीक दळण

३ फेब्रुवारी, सोमवार

लाळ-खुरकूत लसीकरण. सकाळी सातपासून उन्हं चढेपर्यंत चौऱ्याऐंशी जनावरं. एका बैलानं रामदासच्या पायावर पाय दिला. रामदास म्हणजे आमच्या सरकारी गुरांच्या दवाखान्याचा परिचर, गाडीही तोच चालवतो.

येताना वंदनाच्या शेतावरून आलो. निंबाखाली अमोलची मोटारसायकल उभी होती. थांबणार होते, थांबले नाही. रामदासला म्हटलं चल, उशीर होतोय. कशाला उशीर, हे त्यानं विचारलं नाही. तो कधीच विचारत नाही, आणि त्याला सगळं कळतं.

वंदनाची डुकरं ही माझी कामगिरी, असं मी मनात धरून आहे. तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाला तिला मीच पाठवलं. शेतकऱ्याच्या घरात पांढरी डुकरं येणार म्हटल्यावर बीबीच्या बाजारात लोक तिच्या नवऱ्याला, प्रल्हादला, मागून हाका मारून हसायचे. सासूनं सहा महिने तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. तेव्हा ती रोज फोन करायची. ताई हे करू का, ताई ते करू का. पहिली मादी अडली तेव्हा शेवटची दोन पिल्लं आम्ही दोघींनी मिळून बाहेर काढली, शेडमध्ये मांडी घालून बसून. आज पाच माद्या, एक नर, तीसेक वाढती डुकरं.

अमोल जनावरांचा डॉक्टर, पदविकावाला, पस्तिशीचा, खाजगी करतो. बोलावलं की दहा मिनिटांत हजर. मला बोलावलं की तीन रजिस्टरं भरून मग हजर. हात चांगला आहे त्याचा. हे वाक्य लिहायला थांबावं लागलं, पण खरं आहे म्हणून लिहिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तालुक्याला बैठक. फोनचा आवाज बंद ठेवला होता. दुपारी पाहते तो वंदनाचे दोन मिस्ड कॉल. लावणार, तेवढ्यात रामदास म्हणाला, वंदनाबाईचं एक डुक्कर दोन दिवसांपासून खाऊन नाही राहिलं, अमोल डॉक्टर काल बी आला होता, आत्ताच पुन्हा जाऊन आला.

म्हटलं मग झालंच. फोन केला नाही.

(यापुढे त्याला अ. लिहीन. पूर्ण नाव लिहिताना पेन जास्त दाबलं जातं. वंदनाला व. पुरे, ते सवयीनं.)

८ फेब्रुवारी, शनिवार

अ.च्या स्टेटसला फोटो. मांडीवर पिल्लू, शेजारी व., हातात दुधाची बाटली, हसतेय. माझ्यासमोर हसताना ती तोंडावर पदर घेते. फोटोत पदर खांद्यावर आहे.

मी तीनदा पाहिला. कोणी पाहिलं त्याची यादी त्याला दिसते, हे नंतर लक्षात आलं.

हे हिवरा आश्रमहून नोकरीवरून आले तेव्हा मी अ.बद्दलच बोलत होते म्हणे. म्हणाले, "त्याच्या नावानं रोज नैवेद्य चाललाय आपल्या घरी. एवढं देवाचं केलं असतंस तर पावला असता." हसून म्हणाले. मला हसू आलं नाही.

आजारी डुकराची चौकशी मी अजून केलेली नाही. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं?

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी व.चा फोन. मेलं. तेच, न खाणारं. साठेक किलोचं.

गेले तेव्हा अ. आधीच तिथं. कानाच्या शिरेतलं रक्त काचेवर घेतलं, दवाखान्यात परत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. फाशीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू नाहीत, मगच येऊन फाडलं. बाकी डुकरांना ताप नाही. डुकरांचा साथीचा ताप असतो, त्याचे नमुने तरीही नियमाप्रमाणे काढले.

अंग आतून कागदासारखं पांढरं. जठर उघडलं तर रक्ताची एकच गुठळी, जठराच्याच आकाराची. ती काढून धुतलं. अन्ननलिका जठरात उतरते तिथं डुकराला एक छोटा चौकोनी पांढुरका भाग असतो. तिथली कातडी गेलेली, खड्डा पडलेला, कडा वर आलेल्या. ही जखम आठवड्याभराची नाही. बाकी जठरात पातळ पेज. ती मी बोटांत चोळून पाहिली. कणीच नाही. कणकेसारखी मऊ.

तिथंच कळलं. बोटांना पीठ लागलेलं, तेव्हाच.

हे नीट लिहून ठेवते. डुकरांचा मका गावातल्या चक्कीवाल्यानं दळून दिला नाही. त्याच जात्यावर माणसांचं पीठ पडतं, म्हणाला. म्हणून व.नं शेडमध्ये घरघंटी बसवली, घराघरात असते तशी. सासू ती चक्की घरात येऊ देत नाही. त्या चक्कीबरोबर जाड-बारीक जाळ्या येतात. मागच्या पावसाळ्यात व.नं मला विचारलं, ताई कोणती लावू? मी म्हणाले, सगळ्यात बारीक लाव, बारीक दळलेलं जास्त अंगी लागतं. तेव्हापासून रोज पिठासारखं. माणसाच्या भाकरीला लागतं तसं. तिनं ते प्रेमानं केलं. दुसरी कुणी असती तर जाळी बदलायचा कंटाळा करून वाचली असती.

पुस्तकातही तसंच आहे, बारीक दळलं की पचनाला बरं. त्याच पानावर खाली हेही आहे की फार बारीक दळलं तर डुकराच्या जठरात घट्ट-पातळ असे थर राहत नाहीत, आम्ल वरपर्यंत येतं आणि नेमक्या त्या चौकोनी भागात जखम होते. वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

व. म्हणाली, "ताई, कायनं झालं?"

अ. कापसानं हात पुसत उभा होता. मी त्याला विचारलं, काय दिलं होतंस? त्यानं काही लपवलं नाही. प्रतिजैविक तीन दिवस. पाठीत वाकून उभं राहत होतं, दात चावत होतं, म्हणून दुखण्याचं इंजेक्शन सहा दिवस.

मी म्हणाले, "दुखण्याच्या इंजेक्शनानं पोटात जखम होते. सहा दिवस दिलंस?"

एवढंच बोलले. वाक्य खरं आहे. व.नं त्याच्याकडे पाहिलं. तो कापूस बघत राहिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

डुकरानं खाणं सोडलं, मग इंजेक्शन सुरू झालं. क्रम उलटा होत नाही.

इंजेक्शनानं जखम वाढली असेल. नक्की वाढली असेल. पण केली नाही. अहवालात "जठरव्रणातून रक्तस्राव" असं लिहिलं, कारणाच्या रकान्यात "तपासाधीन". कोण तपासणार आहे?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

व.नं अ.ला येऊ नको म्हणून सांगितलं. मला स्वतः फोन करून सांगितलं, आणि संध्याकाळी येऊन जा म्हणाली.

गेले. पोह्यांत शेंगदाणे जास्त घातले होते. पूर्वीसारख्या शेडच्या ओट्यावर बसलो. ती सोनाळ्याकडची, माहेरच्या संत्र्याच्या बागेचं सांगत बसली, कुणाच्या तरी लग्नाचं. मला फार बरं वाटलं. मला जे बरं वाटलं ते कशावर उभं होतं हे मला त्या वेळीही माहीत होतं.

गव्हाचा चोकर, म्हणजे कोंडा, वाढव म्हणाले. हिरवा लसूणघास घाल. दळण जाड कर, हे म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, पाणी भरपूर ठेव. जाड कर म्हटलं असतं तर तिनं "काऊन, ताई?" असं विचारलं असतं.

येताना रामदास म्हणाला, मॅडम आज खुश दिसून राहिल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बीबीच्या बाजारात बोललं जातंय. अ.च्या सुईनं डुक्कर मेलं. त्याला बैलालासुद्धा कुणी बोलावत नाही म्हणे, दोन ठिकाणांहून परत पाठवला. रामदासनं सांगितलं, आणि माझ्याकडे न बघता सांगितलं.

मी हे पसरवलेलं नाही. मी फक्त एक वाक्य बोलले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सुट्टी होती तरी व.कडे गेले. नमुन्यांचा निकाल आला, ताप नाही, हे तिला सांगायचं होतं. ती देवाला हात जोडून आली.

पण दोन वाढती डुकरं कानांनी पांढरी पडलीत. आणि मोठीची विष्ठा काळी, डांबरासारखी, म्हणजे आत रक्त जातंय. मोठी म्हणजे तिची सगळ्यात पहिली मादी. गाभण, पुढच्या महिन्यात व्यायची. खाते पण अर्धं टाकते. लोहाची इंजेक्शनं दिली, आम्लावरची पावडर लिहून दिली. थोडं थोडं, दिवसातून चारदा खायला घाल म्हणाले.

निघताना दारात म्हणाले, दळण एवढं बारीक नको करू. घरघंटी चालू होती, तिच्या आवाजात. व.ला ऐकू गेलं नाही. ती "काय म्हणलं?" म्हणाली. मी हातानं काही नाही केलं.

दुसऱ्यांदा म्हणायला किती वेळ लागला असता?

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुसरं मेलं. पांढऱ्या कानांपैकी एक. फाडलं. तेच, तिथंच.

या वेळी व. जवळ बसली होती, सगळं बघत. म्हणाली, "याले त सुई टोचलीच नोती, ताई." आवाज चढवून नाही. नुसतं सांगितल्यासारखं.

मी हात धुवायला उठले. साबण दोनदा लावला.

तिचे सासरे शेडमध्ये कधी येत नाहीत, आज कुंपणाशी येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा नाकाला. ती त्यांना मामाजी म्हणते, मीही तसंच म्हणते. माझ्याशी बोलले, तिच्याशी नाही. म्हणाले, तुमच्या शब्दावर ठेवले होते हे जनावरं. मोठी मेली का शेड मोडतो अन् या जागी कांदाचाळ घालतो. प्रल्हाद पाण्याचा पाइप धरून उभा होता. व.नं मेलेल्या डुकरावर पोतं टाकलं.

तिची तीन वर्षं. माझ्या एका न बोललेल्या वाक्यावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अ. दवाखान्यात आला. मला वाटलं भांडायला आला. मी मनात उत्तरं तयार केली, नियमसुद्धा. त्यानं माझ्या देखरेखीखाली काम करायला पाहिजे, वगैरे. शेळीवाल्यांची गर्दी होती. तो बाकावर बसून राहिला, सगळे जाईपर्यंत. एका म्हातारीची शेळी त्यानं धरूनही दिली. म्हातारी त्याला म्हणाली, तू दूरच राय बाप्पा, तुह्या हाताले गुण नाई म्हनतात. तो हसला आणि शेळी धरूनच राहिला.

मग आत आला.

"मॅडम, माह्या सुईनं पहिलं मेलं असन त मले कबूल हाय. सहा दिवस द्यायले नोतं पाहिजे. वंदनावहिनीले तसं मी बोललो बी. पन मंग हे दुसरं काऊन मेलं, तेवढं सांगा. मोठी त वाचली पाहिजे."

मी म्हणाले, बघते.

तो म्हणाला, "पोटातली जखम मले बी दाखवा कधी. मी डुकराचं जठर आतून त्या दिशी पयल्यांदाच पाह्यलं."

मला त्याचा हेवा वाटत होता तो दहा मिनिटांत येण्याचा, व.च्या हसण्याचा. आज दुसराच वाटला. याला विचारता येतं. चूक असन म्हणता येतं, तेही उभ्या उभ्या, हातात हेल्मेट धरून. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, मला अजून आलेलं नाही.

बुधवारी जाते म्हणाले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजच जायला हवं होतं. कागद होते, खरंच होते. पण आज मोठीनं चार वेळा तेच पीठ खाल्लं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

सकाळीच गेले, रामदासला न घेता, स्कूटीवर. व.चा उपास. शेडमध्ये घरघंटी चालू होती. मी आत जाऊन बटण बंद केलं.

म्हणाले, "वंदना, ही जाळी काढ. मोठ्या भोकाची लाव. दळायचं नाही, भरडायचं. दोन्ही डुकरं या पिठानं मेली. आणि बारीक दळ म्हणून मी सांगितलं होतं."

ती म्हणाली, "हाव. तुम्हीच सांगतलं होतं."

म्हणजे तिला आठवत होतं. कधीपासून मनात जुळवत होती कोण जाणे. शनिवारपासून? की पहिल्या दिवसापासून, आणि माझ्या तोंडून यायची वाट बघत होती? विचारायची हिंमत झाली नाही.

तिनं जाळी काढली. पिठानं माखलेली. पदरानं पुसली आणि खिडकीत ठेवली. जाड जाळी चक्कीबरोबर आली तशीच प्लास्टिकमध्ये होती. दातानं फाडली. मग मला म्हणाली,

"मंग अमोलले काऊन म्हणलं?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. म्हणाले, मला त्याचा राग येत होता. तू आधी मला फोन करायचीस. मग त्याला करायला लागलीस.

मला वाटलं रडेल किंवा चिडेल. ती हसली, पदर न घेता. चांगलं हसू नव्हतं ते.

"इतक्या शिकल्या तुम्ही, ताई," म्हणाली, "आन माह्या सासूवानी करता."

मग म्हणाली डुकरं मेली ती मेली, ती तिचीच होती. पण त्या माणसाला गावात कुणी उभं करून नाही राहिलं, ते कोण निस्तरणार? मी म्हणाले मी सांगेन लोकांना. ती म्हणाली लोकांचं मागून. आधी मामाजींना सांगा. अमोलच्या समोर.

परत येताना लोणारच्या रस्त्यावर देवळांत जाणाऱ्यांची गर्दी. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसती थांबले. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. उलट, मी एवढं बोलले आणि तिला तरी त्याचीच काळजी, हे मनात आलं. आलं म्हणून लिहिते.

१ मार्च, शनिवार

सांगितलं.

मामाजी बाजेवर, अ. खाली पायरीवर, प्रल्हाद दाराशी, व. आतल्या उंबऱ्यावर. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या, भांडी वाजायची थांबली होती. मी सगळं क्रमानं सांगितलं. जाळी, जखम, इंजेक्शनानं फक्त भर पडली, दोष पहिला माझा. मी पंधरा दिवस गप्प राहिले हेही. का राहिले ते मात्र "चूक कबूल करवली नाही" एवढंच सांगितलं. व.नं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुरतं खरं आजही निघालं नाही तोंडातून.

मामाजी म्हणाले, "म्हंजे डुकरं मेले सरकारी सल्ल्यानं, आन नाव झालं खाजगी सुईचं."

प्रल्हादला हसू आलं, त्यानं खोकल्यासारखं केलं. अ. हसला नाही. म्हणाला, सुईचं बी थोडं होतंच, मामाजी. त्यानं तसं म्हणायची काही गरज नव्हती. माझी अर्धी लाज त्यानं आपल्या अंगावर घेतली, न मागता. मला ते सहन झालं नाही. उपकार माणूस सहन करतो, पण ज्याच्यावर जळतो त्याचे?

मामाजींनी निकाल दिला. मोठी व्यायली आणि जगली तर शेड राहील. नाहीतर नाही. आणि औषध दोघांनी मिळून करा, एकमेकांवर ढकलायचं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, आन त्या चक्कीवाल्याले बी बोलवा, त्यानं दळून दिलं असतं त हे झालंच नसतं. तेही खरंच आहे. त्यानं जनावराचं म्हणून जाडच भरडून दिलं असतं, जाळीचा प्रश्नच आला नसता.

निघताना अ.ला म्हणाले, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ दोघंही जाऊ. तो म्हणाला, हाव मॅडम. बस एवढंच. माफी मागितली नाही मी त्याची, वेगळी अशी. त्याच्यासमोर सांगितलं म्हणजे मागितलीच, असं स्वतःला समजावलं.

३ मार्च, सोमवार

पाच दिवस झाले, भरडा चालू आहे. जाड जाळीतून पडणारा मका बोटांना लागतो, चुरचुरतो. चोकर, लसूणघास, दिवसातून पाचदा थोडं थोडं. वाढती डुकरं खायला लागली. दुसरा पांढरा कान थोडा गुलाबी वाटतो. मोठी उभी राहते, पुन्हा बसते. दात चावते.

लोहाचं इंजेक्शन अ.नं दिलं, मी मोजून दिलेलं. त्यानं तिच्या कानामागे खाजवत खाजवत दिलं, तिला कळलंही नाही. मी फास लावून धरायला सांगते नेहमी. वीस वर्षं फास लावतेय.

बीबीच्या बाजारात जाऊन दोन-तीन ठिकाणी बोलले, अमोलची चूक नव्हती म्हणून. चहाच्या टपरीवरचा माणूस म्हणाला, तुमीच म्हणल्या होत्या ना मॅडम? मी म्हणाले, नाही, मी अर्धं म्हटलं होतं. त्याला काही कळलं नाही. आणखी एक-दोन चकरा लागतील.

४ मार्च, मंगळवार

संध्याकाळी व. तीन कप घेऊन आली. आधी त्याच्या हातात दिला, मग माझ्या. मी हे बघितलं. बघायला नको होतं.

६ मार्च, गुरुवार

मोठी सकाळी चोकराचं पातळ प्यायली. बोकणा टाकला नाही. पोट खाली उतरलंय, आचळं भरायला लागलीत. व्यायला अजून आठ-दहा दिवस तरी हवेत. तेवढं रक्त तिच्यात उरलंय का, हा प्रश्न आहे. डोळ्याची आतली कातडी अजून फिकी.

मी पोहोचले तेव्हा अ. शेडच्या मागच्या बाजूला उकिडवा बसलेला होता, व. त्याच्या शेजारी, दोघं वाकून काहीतरी पाहत होते. मला बघून तिनं हात केला, लवकर या ताई. त्यांच्यापुढे मोठीनं नुकतीच टाकलेली विष्ठा होती. अ.नं काडीनं ती पसरली. म्हणाला, "पाहा मॅडम, काळं कमी झालं. करडं दिसून राह्यलं. रक्त थांबलं वाटते."

व. माझ्या तोंडाकडे बघत होती. तिची सासू, मामाजी, तीन वर्षं, सगळं त्या बघण्यात होतं.

मी वाकले. मला काळंच दिसलं. उजेड चांगला होता. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, हातमोज्याच्या बोटावर घेऊन उन्हात धरलं. काळंच. कडेला कुठं करडं म्हणता येईल असं, भरड्याच्या कण्यांमुळं असेल.

त्याला मोठी सुधारताना आधी दिसली, मला नाही. म्हणून काळं दिसतंय का मला? की तो हळवा आहे आणि मी काटेकोर? वीस वर्षांत विष्ठेचा रंग पाहायला कधी दुसऱ्यांदा वाकावं लागलं नव्हतं.

व. म्हणाली, "बोला ना, ताई."

मी म्हणाले, आज सांगता येत नाही. उद्या पुन्हा पाहू, तिघंही.

अ.नं काडी फेकून दिली. व.नं विष्ठेचा थोडा भाग वडाच्या पानावर घेतला आणि सावलीत ठेवला, उद्याच्या शेजारी ठेवून बघायला.